पहिल्या शंभरातला नवरा

'होडी आली नाही' हा सिनेमा जगातल्या सर्वश्रेष्ठ सिनेमांच्या यादीत एक्क्याण्णवावा आला, त्या दुपारी भूपाल मगदूमांची सावली जेवायच्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून बसली. भूपाल मगदूम वारले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

शालनबाई ताक करत होत्या. सावली त्यांनी लगेच ओळखली. डावा खांदा जरासा उतरता, आणि ऐकायला कान पुढं केल्यासारखी मान. सांगलीच्या उन्हाळ्यात तीन वाजता भिंतीवर दुसरी कुठलीच सावली नसते, त्यामुळे ती उठून दिसत होती. शालनबाईंनी टेबलाजवळची खुर्ची थोडी बाजूला सरकवली, सावलीला पाय पसरता यावेत म्हणून, आणि ताकात मीठ घातलं.

थोड्या वेळानं पद्मजा आली. पद्मजा ही भूपालांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची मुलगी. पलीकडच्या गल्लीत आईबरोबर राहायची आणि बँकेत अधिकारी होती. तिनं चप्पल काढता काढताच फोन पुढं केला.

"मामी, मामांचा पिक्चर लिस्टमध्ये आलाय!"

"कसल्या लिस्टमध्ये?"

"जगातल्या सगळ्यात ग्रेट सिनेमांच्या. शंभर असतात. मामांचा एक्क्याण्णवावा."

"ठरवलं कुणी?"

"लोकांनी. इंटरनेटवर लोक मतं देतात, त्यावरनं नंबर लागतात."

शालनबाईंनी पदराला हात पुसले. "पद्मजा, तो पिक्चर पुरात गेला. एकच प्रत होती ती. लोकांनी बघितला कुठं?"

"बघितल्याशिवाय कोण मत देईल, मामी?" असं म्हणताना पद्मजाची नजर भिंतीकडं गेली. ती सहजासहजी दचकणाऱ्यातली नव्हती. "मामा आलेत होय," ती म्हणाली. "आक्काला सांगते."

भूपाल साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाचा रस काचेच्या नळीत धरायचा आणि त्यात साखर किती ते सांगायचं, हे त्यांचं काम. वेड मात्र सिनेमाचं. तरुणपणी एका उन्हाळ्यात त्यांनी रजा काढली, मित्रांना गोळा केलं, कॅमेरा भाड्यानं आणला आणि कृष्णेच्या घाटावर सिनेमा काढला. गोष्ट एवढीच, की एक बाई घाटावर होडीची वाट बघत उभी आहे आणि होडी येत नाही. ठरलेली नटी ऐन वेळी आली नाही, म्हणून शालनबाईंना उभं केलं. अंगावर त्यांचं स्वतःचंच हिरवं इरकली लुगडं होतं. सिनेमा गावातल्या थेटरात आठवडाभर चालला. चालला म्हणजे लावलेला होता. पुढं रिळांच्या डब्यांची चळत जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेली, आणि एका पावसाळ्यात नदी घरात शिरली तेव्हा ट्रंकेसकट वाहून गेली. ट्रंक सापडली उसाच्या फडात. आत गाळ होता.

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की पुरात एक महान सिनेमा वाहून गेला. ते दुसऱ्यानं वाचलं आणि त्यात 'कदाचित जगातला सर्वांत महान' एवढी भर घातली. तिथून मतं यायला लागली.

सिनेमा चौऱ्याहत्तरावा झाला तेव्हा भूपालांचे हात आले. शालनबाई कोथिंबीर निवडत होत्या. समोर टेबलावर दोन हात पालथे पडलेले होते. उजव्या अंगठ्यावर ॲसिडचा जुना डाग होता. त्यांनी एका हातावर आपला हात ठेवला. तो गरम होता. कोथिंबीर तशीच राहिली. पाचच्या उन्हात बाहेर हळदीची पोती भरलेला टेम्पो गेला, सगळ्या घरात हळदीचा वास भरला, आणि तरी शालनबाईंनी हात उचलला नाही. आठ वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणाचा हात आला नव्हता.

सिनेमा बावन्नावर गेला आणि भूपाल पुरते आले. पांढरा सदरा, चष्मा, दाट केस. हयातीत त्यांचे केस एवढे दाट कधीच नव्हते, पण शालनबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी पाट मांडला, ताट वाढलं आणि समोर बसल्या. 

भूपालांनी ताटाकडं बघितलं नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मौन हे माझं पहिलं पात्र होतं."

"आमटी वाढू का?" शालनबाईंनी विचारलं.

"मी कथा सांगत नव्हतो. मी काळाला बसायला जागा देत होतो."

शालनबाईंनी आमटी वाढली. ती भूपालांनी खाल्ली नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही मगदूमांच्या घरातली रीत. दिवस मावळला, ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पद्मजानं फोनवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, त्यात ही दोन्ही वाक्यं होती. एक कुणा परदेशातल्या माणसाचं होतं, दुसरं नागपूरच्या एका प्राध्यापकाचं.

"तरी बोलतात तर खरं," पद्मजा म्हणाली.

"हो. बोलतात," शालनबाई म्हणाल्या.

घरही त्याच सुमारास लांबायला लागलं. आधी स्वयंपाकघर आणि पुढच्या दाराकडचा सोपा यांच्यात थोडी जास्त जमीन आली. मग ती वाढत गेली. कपाट होतं तिथंच होतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. चहा घेऊन निघावं तर पोचेस्तोवर त्याच्यावर साय धरायची. छत वर गेलं. पंखा इतका उंच गेला की त्याचा वारा खाली उतरेपर्यंत बटण बंद केलेलं असायचं. भूपाल त्या मानानं उंच होत गेले. ते सोप्यात उभे असले की शालनबाईंना त्यांच्या सदऱ्याचं तिसरं बटण डोळ्यांसमोर दिसायचं, मग चौथं.

आक्का भावाला भेटायला आल्या. ऐंशी उलटलेली बाई, सोप्यातून आत येईपर्यंत वाटेत दोनदा स्टुलावर टेकली. पोचल्यावर त्यांनी भूपालांच्या दोन्ही हातांना धरून त्यांना खाली वाकवलं आणि गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"भूपाल, मला ओळखलास का रे?"

भूपालांनी त्यांच्याकडं फार प्रेमानं बघितलं. "प्रत्येक चेहरा हा एक किनारा असतो," ते म्हणाले.

आक्कांनी त्यांचे हात सोडले. परत निघताना दारात थांबून शालनबाईंना म्हणाल्या, "तो नव्हं हा. पण तोंड त्याचंच आहे. मला ह्या वयात तोंड पुरतं, शालन." त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. येताना वाटेत खायला शेंगा आणायच्या.

सिनेमा अडतिसावा झाला. कपाट उघडलं तर शालनबाईंच्या सगळ्या साड्या पांढऱ्या होत्या. इस्त्रीच्या घड्या मोडल्या नव्हत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास तोच होता, फक्त रंग गेले होते. लोकांनी लिहिलं होतं, की घाटावरची ती शुभ्रवस्त्रा स्त्री विसरता येत नाही. आणखी पुढं लिहिलं होतं की ती स्त्री पापणी लववत नाही. हे वाचलं त्या दिवसापासून शालनबाईंचे डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले. मुद्दाम मिटले तरच मिटायचे.

"ह्या लोकांना एकदा कळवूया का, की लुगडं हिरवं होतं?" त्यांनी पद्मजाला विचारलं.

"मामी, चाळीस हजार लोक पांढरं म्हणतायत."

"मी नेसले होते गं ते."

पद्मजानं फोन खाली ठेवला. तिला वाईट वाटलं हे दिसत होतं. 

शालनबाईंना सिनेमा पाठ होता, कारण त्यांनी तो दोनदा बघितला होता. तो चांगला नव्हता. थेटरात पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत लोक जे चहाला गेले ते परतलेच नाहीत. सगळ्यात शांत प्रसंगात एसटीचा हॉर्न वाजतो, तो पलीकडच्या पुलावरून चुकून आलेला होता. आता लोक त्या हॉर्नवर पानंच्या पानं लिहीत होते. पण शालनबाईंना आठवायचं ते त्या दिवशीचं नंतरचं. थेटरातून बाहेर पडल्यावर भूपाल नदीकडं चालायला लागले आणि त्या मागोमाग गेल्या. दोघं घाटाच्या पायरीवर बसली. भूपाल एकदम हसायला लागले आणि म्हणाले, "शालन, आपल्याला जमलं नाही बघ." हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी गाड्यावरून कागदात तिखट चुरमुऱ्यांची भडंग आणली. दिवेलागण होऊन गेली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून अंधार पडल्यावर शालनबाईंनी काही खाल्लं ते पहिल्यांदाच. त्यांच्या सगळ्या संसारात त्यांना ती संध्याकाळ सगळ्यात आवडायची. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

सिनेमा एकोणिसावा असताना त्यांनी धीर करून विचारलं. भूपाल सोप्याच्या टोकाला उभे होते. शालनबाई चालत त्यांच्यापर्यंत गेल्या, दम घेतला आणि वर बघून म्हणाल्या, "अहो, पिक्चर पडला त्या संध्याकाळी आपण घाटावर बसलो होतो. तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं?"

"तो सिनेमा काळाच्या पुढं होता," वरून आवाज आला.

"ते नव्हे. घाटावर काय म्हणाला होता?"

"तो सिनेमा काळाच्या पुढं होता," भूपाल पुन्हा म्हणाले. पहिल्याइतक्याच गोड आवाजात.

शालनबाई परत फिरल्या. स्वयंपाकघर फार लांब होतं. अर्ध्या वाटेत त्यांना रडू आलं, पण डोळ्यांतून काही निघालं नाही.

त्यानंतर त्यांचं नाव जायला लागलं. लोकांनी लिहिलं होतं की दिग्दर्शकानं त्या स्त्रीला नाव दिलेलं नाही, आणि हेच सिनेमाचं थोरपण आहे. दूधवाला पूर्वी शालनकाकी म्हणायचा, आता नुसतं "दूऽध" म्हणून थांबायचा. गॅसच्या पावतीवर नावाची जागा कोरी होती. एका सकाळी मंदिरात कुणीतरी विचारलं, "आपण कोण?" आणि बाईंनी तोंड उघडलं, तर तिथं काही नव्हतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी इथलीच."

सिनेमा दुसरा झाला. त्या दुपारी नाबर नावाचे एक गृहस्थ आले. अंगात फिकट निळा शर्ट, हातात काही नाही. सोपा ओलांडून आले तरी त्यांना दम लागला नव्हता.

"मी यादीकडून आलो," ते म्हणाले. "पहिल्या क्रमांकावर नेण्याआधी आम्ही एकदा घरी येऊन जातो. पद्धत आहे."

बाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला सुरुवात केली.

"सिनेमा पाहिलेलं कुणी हयात आहे का? एक आपलं विचारायचं म्हणून विचारतो."

"मी आहे की."

नाबरांनी बशी खाली ठेवली. "पाहिलाय? प्रत्यक्ष?"

"दोनदा. दुसऱ्यांदा थेटर रिकामं होतं. ह्यांना बरं वाटावं म्हणून बसले."

"हे जरा अडचणीचं आहे," नाबर म्हणाले. ते रागावले नव्हते, पाहुण्याच्या ताटात केस निघाल्यावर यजमान बोलतो तसे बोलत होते. "असं बघा, न पाहिलेल्यांची मतं एकमेकांशी जुळतात. पाहिलेल्यांचं एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. यादी जुळणाऱ्या मतांवर उभी असते."

"मग तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा माणसानं?"

"विश्वास ठेवतात म्हणून तर ती आहे, बाई."

"आणि मी मत दिलं तर?"

"पाहिलेल्या माणसाचं या सिनेमाला आजवर एकही मत नाही. आलं, तर तेवढं एकच धरावं लागेल. बाकीची गळतात. तसा नियम आहे, कुणी वापरत नाही."

सोप्याच्या टोकाला भूपाल उभे होते. त्यांचं डोकं छताच्या अंधारात गेलेलं होतं. बाईंनी तिकडं बोट केलं. "हे?"

"ते सिनेमाबरोबर असतात. सिनेमा जिथं जाईल तिथं ते जातील."

"आणि पहिला आला तर?"

"पहिला आलेला हलत नाही. मग ते कायमचे इथं." नाबरांनी चहा संपवला, बाईंच्या पांढऱ्या साडीकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मात्र घाटावर. वाट बघणारी बाई घाटावरच असते."

ते गेल्यावर माणसं यायला लागली. ही मत दिलेली माणसं होती. बायका, पुरुष, काहींच्या हातात सामानाच्या पिशव्या. ती दारात चप्पल काढायची, वाकून नमस्कार करायची आणि सोप्यात रांगेनं बसायची. समोर पांढरी भिंत होती. भिंतीकडं बघत ती अधूनमधून माना डोलवायची. त्यांतली एकजण पदरानं डोळे पुसत होती. बाई तिच्याजवळ जाऊन वाकल्या आणि विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?"

"गप्प बसा हो," ती म्हणाली. "आता फार छान येणार आहे."

आक्का आणि पद्मजा माणसांतून वाट काढत आत आल्या. स्वयंपाकघरात तेवढी तीन बायकांना बसायला जागा उरली होती. नाबर काय म्हणाले ते बाईंनी सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावला.

"मत देऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांनी आलाय. परत नको घालवू."

"आक्का, ते माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीशी बोलावं तसं बोलतात."

"तुला नवरा होता तसाच पाहिजे. मला भाऊ कसाही चालतोय. त्याच्या तोंडाकडं बघत मी मरेन, एवढं पण नको का मला?"

 बाहेरच्या लोकांनी एकदम हळू आवाजात 'वा' म्हटलं. मग बाईंनी विचारलं, "आक्का, माझं नाव काय?"

"असं काय विचारतीस? तू..." आक्का थांबल्या. "तू आमच्या भूपालची..." त्यांनी पद्मजाकडं बघितलं. पद्मजानं मान खाली घातली. आक्कांनी दोन्ही हातांनी बाईंचं तोंड धरलं आणि ते जवळून, निरखून बघितलं. दुकानात पातेल्याचा पोचा शोधावा तसं.  "तुझ्या लग्नात मी भूपालला तुझ्या नावाचा उखाणा शिकवला होता. घ्यायला लावला होता नावासकट. आणि मलाच..."

त्यांनी स्वतःचा चष्मा काढून बाईंच्या हातात दिला. "तुझे डोळे बिघडलेत. हा घाल, आणि दे मत."

पद्मजानं फोन पुढं धरला. दहा चांदण्या होत्या. बाईंनी चार दाबल्या, थोडा विचार केला, आणि तेवढ्याच राहू दिल्या. खाली लिहायला जागा होती. त्या सांगत गेल्या आणि पद्मजा टाइप करत गेली.

"हा सिनेमा कंटाळवाणा आहे. मधल्या सुट्टीत लोक उठून गेले, त्यात त्यांची चूक नाही. एसटीचा हॉर्न चुकून आलाय. मी घाटावर शांत उभी दिसते कारण पायाला चटके बसत होते आणि हलू नको म्हणून सांगितलं होतं. लुगडं हिरवं होतं. दिग्दर्शक माझे मिस्टर. त्यांना जमलं नाही, हे त्यांना स्वतःला कळलं होतं, आणि ते हसले. एवढं कळणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. नंतर आम्ही भडंग खाल्ली."

"पाठवू का?"

"पाठव."

सोप्यातली माणसं एकेक करून उठली.  मघाची बाई डोळे पुसायची थांबली होती आणि आपली पिशवी शोधत होती. चपलांचा बराच वेळ गोंधळ झाला, कारण पुष्कळांच्या सारख्याच होत्या. शेवटचा माणूस गेला तेव्हा पद्मजा फोनकडं बघत म्हणाली, "बाविसावा, मामी. तिसावा. पंचेचाळीस."

छत खाली येत होतं. सोपा आखडत होता. त्याच्या ज्या टोकाला भूपाल उभे होते, ते आता टोक न राहता दार झालं होतं. त्यांचं डोकं अंधारातून बाहेर आलं. केस पातळ झाले. त्यांनी खोकून घसा साफ केला, तंबाखू सोडल्यावर खोकायचे तसं, आणि कपाळाला आठ्या घालून टेबलाशी येऊन बसले.

"शालन," ते म्हणाले, "आमटी गार झालीय की गं."

शालनबाई जागच्या जागी खाली बसल्या. डोळे भरून आले, आणि या खेपेला ते खरंच वाहिले.

"साठ," पद्मजा म्हणाली.

भूपालांनी वळून बघितलं. "आक्का? तू कधी आलीस? आणि चष्मा कुठाय तुझा? परत कुणाच्या परसात पेरू चोरताना पाडलास की काय?"

आक्कांना हसू आलं आणि ते थांबेना. त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "माझा भूपाल हा," त्या पद्मजाला म्हणाल्या, जणू ती परकी होती. "हाच. दुसरा कुणी नव्हं."

शालनबाईंनी आमटी गरम केली. भूपाल जेवले. भाकरी कुस्करून, वर तेल घालून, बोटं चाटत. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "पडला नव्हं पिक्चर?"

"पडला."

"मला वाटलंच. उगाच तुला उन्हात उभी केली." आणि ते हसले. 

"शहाऐंशी," पद्मजा म्हणाली. तिची मान आता वाकलेली होती, कारण दाराची चौकट तिच्या खांद्याला लागत होती. "नव्वद. मामी, छत अजून येतंय." मग ती बराच वेळ बोटानं फोन सरकवत राहिली. "यादीत नाही आता. शंभराच्या बाहेर गेला."

"शंभराच्या बाहेर काय असतं?" शालनबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. तिकडं कुणी बघत नाही."

तिघींनी भूपालांकडं बघितलं. ते होते. ताटातले भाकरीचे शेवटचे तुकडे वेचत होते. पंखा टेबलाला टेकला आणि थांबला.

"तू आईला घेऊन बाहेर जा," शालनबाई पद्मजाला म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी आहे इथं. जा बघू, आक्कांना वाकायला त्रास होतो."

आक्कांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला, मग शालनबाईंच्या. त्या दारातून बसत बसत बाहेर गेल्या. पद्मजा त्यांच्या मागून रांगत गेली. बाहेरून तिच्या हाका ऐकू येत होत्या, आधी मोठ्यानं आणि मग जाड गोधडीतून याव्यात तशा.

टेबलाचे पाय जमिनीत गेले. शालनबाई आणि भूपाल आधी खाली बसले, मग कोपरावर रेलले, मग शेजारी शेजारी पालथे पडले, लहान मुलं माळ्यावर पडतात तसे. छत पाठीला लागलं नव्हतं, पण त्याची ऊब लागत होती. भूपालांचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला होता. घामाचा आणि भाकरीचा वास येत होता.

"तुम्ही जाणार का हो?" शालनबाईंनी विचारलं.

"कुठं जाणार? जागा आहे का जायला?"

समोरची खिडकी दबून दबून आडवी पट्टी झाली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुंद, आणि वीतभर उंच. तिच्यातून रस्ता दिसत होता, रस्त्यावरचं ऊन, म्हशीचे चार पाय, सायकलचं एक चाक. मग रस्ता रिकामा झाला. दुपार होती, तरी बाहेरचं ऊन, थेटरातले दिवे उतरतात तसं, एकसारखं, हळूहळू मंद व्हायला लागलं.

"अहो, हे काय होतंय?"

भूपालांनी हनुवटी हातांवर टेकवली आणि पट्टीकडं बघत शालनबाईंना कोपरानं ढोसलं.

"गप," ते म्हणाले. "सुरू होतंय."